गोळ्या चालू, पोट बंद

“ताई, गोळ्यांनी त्याचं पोट साफ होत नाही हो. थोडे दिवस बंद ठेवल्या तर?” स्किझोफ्रेनियाचा रुग्ण ज्या घरात आहे तिथून हा प्रश्न हमखास येतो. तोही सगळं बोलून झाल्यावर, चपला घालता घालता. शौचाचं बोलायला माणसं संकोचतात.

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंनी असाच दारातून विचारला. मुलगा पस्तिशीचा; नाव बदलून मिलिंद म्हणू. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर कित्येक वर्षं छान स्थिर. आधीच्या औषधाने हात थरथरायचे म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळीही तशीच चालू राहिलेली. ही दोन्ही औषधं आतड्याची हालचाल मंदावतात. पण घरात खापर फुटत होतं शेव-कचोरीवर. काका रोज रात्री इसबगोल देत होते.

“आता काळजी नाही,” काकू म्हणाल्या, “पाच दिवस झाली नव्हती, परवापासून पातळ होतेय. मोकळा झाला.”

मी त्यांना परत बसवलं. कडक मळ अडकून बसला की त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं, आणि घरच्यांना वाटतं जुलाब झाले. जेवतो का? “कालपासून नको म्हणतो.” उलटी? “एकदा, सकाळी.” पोट? काकू जरा थांबल्या. “पायजम्याची नाडी हल्ली फार सैल बांधतो.” दुखतंय असं मिलिंद एकदाही म्हणाला नव्हता. या आजारात दुखण्याची तक्रार कमी होते, त्यावर विसंबू नये.

हे समुपदेशकाचं काम नव्हतं. मी त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला आणि घरच्यांना त्याला घेऊन तडक इमर्जन्सीत जायला सांगितलं. एक्स-रेमध्ये मोठं आतडं मळाने भरलेलं दिसलं. दाखल करावं लागलं, एनिमा द्यावा लागला. आतडं फाटण्याआधी पोचले, एवढं खरं. क्लोझापिनचं नाव काढलं की सगळे पांढऱ्या पेशींच्या रक्ततपासणीबद्दल विचारतात. पोटाने जीव जाऊ शकतो हे फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये याबद्दलचा इशारा आणखी कडक केला.

मग गोळ्या बंद? मनाने मुळीच नाही. क्लोझापिन एकदम तुटलं तर आजार जोरात उलटू शकतो, आणि दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा अगदी कमी मात्रेपासून चढत यावं लागतं. डॉक्टरांनी ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू काढलं आणि रोजचं रेचक लावून दिलं. काकांचं इसबगोल थांबवलं, तेव्हा ते जरा दुखावलेच. त्यांना ते आयुष्यभर लागू पडलंय. पण आतडंच ढिम्म असेल तर नुसता चोथा वाढवून तो आतच साचतो.

आता कालनिर्णयवर दुधाच्या आकड्यांशेजारी एक बारीकशी खूण असते. आई विचारायची तेव्हा मिलिंद चिडायचा, म्हणून ते खातं काकांकडे गेलं. बाबांना तो सांगतो, तेही नुसती मान हलवून. सलग दोन दिवस खूण नसली की काका डॉक्टरांना फोन करतात. पोट फुगलं किंवा उलटी झाली तर फोनचीही वाट बघायची नाही असं ठरलंय.