शाळेत साथ आली तर जिल्ह्याला कळतं का?

तुम्ही विचारलंय की मुलीच्या वर्गात एकदम सात-आठ पोरांना कांजिण्या झाल्यात, शाळा म्हणते 'वर कळवलंय', तर वर म्हणजे कुठं आणि नोंद खरंच होते का. मी उपकेंद्रावर आरोग्य सेवक आहे. नोंद होते, पण पोरं आमच्या नजरेस पडली तरच.

म्हणजे बघा, गावात फिरणारे आम्ही लोक एस फॉर्म भरतो, त्यात नुसती लक्षणं, ताप, पुरळ, जुलाब वगैरे, पीएचसीचे म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर पी फॉर्म भरतात, त्यात तपासून जो आजार वाटतो तो, आणि लॅबचे निकाल एल फॉर्ममध्ये जातात. आधी हे आठवड्याला एकदा कागदावर जायचं, २०२१ पासून आयएचआयपी या सरकारच्या साथरोग नोंदणीच्या पोर्टलवर रोज टाकायचं असतं, ते जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला दिसतं. यात शाळेचं हजेरीपत्रक कुठंच नाही. पोरगं खाजगी डॉक्टरकडं गेलं, औषध घेतलं, विषय संपला. खरंतर खाजगीवाल्यांनीही कळवायचं असतं, किती जण कळवतात ते विचारू नका. आणि वर्षातून एकदा शाळेत तपासणीची गाडी येते ना, आरबीएसकेची म्हणजे सरकारच्या बालआरोग्य कार्यक्रमाची, तिचं काम वेगळं, साथ पकडणं नाही.

साथ सगळ्यात आधी कळते वर्गशिक्षकाला. त्यांचा फोन आला की आम्ही लाइन लिस्ट म्हणजे आजारी पोरांची यादी करतो, नाव, वय, वर्ग, लस सगळं लिहितो पण त्यात खरा कामाचा रकाना म्हणजे लक्षणं कधी सुरू झाली ती तारीख. उलटी-जुलाबात सगळ्यांची तारीख एकच निघाली की आधी खिचडी आणि पाण्याची टाकी बघायची, नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे, थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. कांजिण्यांचं तसं नसतं, एकाकडून दुसऱ्याला उठायला १० ते २१ दिवस जातात, म्हणून पहिली खेप ओसरली असं वाटतं तोवर दुसरी येते. निवासी शाळेत तर विचारूच नका, २०२३ च्या जुलैत आळंदीत डोळे आले तेव्हा बघितलं असेल तुम्ही, किती भराभर पसरलं.

मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, पीएचसीत कोणाला आणि कोणत्या तारखेला कळवलं. गोलमाल उत्तर आलं तर स्वतःच आशाताईला नाहीतर एमओंना, म्हणजे पीएचसीच्या डॉक्टरांना, फोन लावा, शहरात असाल तर महापालिकेच्या दवाखान्यात. मुलीला झाल्याच तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत पाठवू नका, परीक्षा असली तरी, आणि घरात कोणी गरोदर असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा.