आरोग्याचे खोटे मेसेज कसे ओळखायचे? आणि घरच्या मोठ्या माणसांना न दुखावता कसं पटवून द्यायचं?

तुमच्या प्रश्नात 'न दुखावता' हा शब्द नसता तर मी हे लिहायला बसले नसते. सासरे बीपीची गोळी सोडून व्हॉट्सअ‍ॅपवरचा काढा घेतायत, आणि तुम्हाला त्यांचं मनही मोडायचं नाहीये. ताई, आधी डॉक्टरांना फोन करून गोळी सुरू करा. बीपीच्या काही गोळ्या एकदम सोडल्या की बीपी आधीपेक्षा जास्त उसळतं. मनाचं नंतर बघता येतं. मी उलटं केलं होतं, म्हणून सांगते.

मी मिरजेत लॅब टेक्निशियन आहे, 16 वर्षं लोकांचं रक्त काढतेय. माहेर सांगलीच्या गावभागात. आमचे अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात 36 वर्षं दिवाणजी होते. राजापुरी कुठली, सेलम कुठली हे वासावरून सांगणारा माणूस. हळकुंड मोडून गाभ्याचा रंग बघितल्याशिवाय पोत्याला हात लावू द्यायचे नाहीत. वरून पिवळंधमक दिसलं की त्यांना उलट संशय यायचा. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा स्वतःला पद्मश्री मिळाल्यासारखे पेढे वाटले होते.

हा माणूस मेसेज मात्र न मोडताच गिळून बसला.

मेसेज पाठवला माझ्या दादानं. हळद, मिरी, कोमट पाणी, उपाशीपोटी 41 दिवस, शुगर मुळासकट बरी. अमेरिकेनं हळदीचं पेटंट चोरलं होतं, म्हणजे तिच्यात काय ताकद असेल बघा, डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत, वगैरे. शेवटी पावडर कुरिअरनं मागवायला एक नंबर. मी वाचला आणि हसून सोडून दिला. दादाला ग्रुपवर सगळ्यांदेखत कशाला बोलायचं, वहिनींना राग येईल, असा विचार केला. हेच ते 'न दुखावता'.

अण्णांच्या मधुमेहाच्या गोळ्या मी दर महिन्याला मिरजेहून पाठवत होते. फोनवर विचारायची, "अण्णा, गोळ्या घेताय न्हवं?" "घेतोय की." संपलं.

2021 च्या जुलैत पुराचं पाणी घरात आलं. ओसरल्यावर अण्णा चिखल काढायला उतरले. उजव्या पायाच्या करंगळीला काहीतरी लागलं, पण दुखलं नाही, म्हणून कुणाला बोलले नाहीत. बरीच वर्षं मधुमेह असला की पायाच्या नसा बधिर होतात, हे मी रोज पेशंटना सांगते. घरी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी जखमेवर हळदीचा लेप थापला आणि वर चिंधी बांधली. मी गेले तेव्हा बारा दिवस झाले होते. लेप धुतला तर खाली बोट काळं.

गोळ्यांची पाकिटं कपाटात सापडली, जुन्या खतावण्यांच्या मागं, तारखेप्रमाणे लावून ठेवलेली. चार महिन्यांची. दिवाणजीच ते. रक्त मीच काढलं. एचबीएवनसी 12.4 आला, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांचा सगळा हिशेब एका आकड्यात. आधीच्या खेपेला 7.2 होता. करंगळी काढावी लागली.

दादा आजही म्हणतो, "करंगळी पुरानं गेली. हळदीनं काय केलं त्यात?" बरोबर आहे त्याचं. हळदीनं काहीच केलं नाही. चार महिने काहीच केलं नाही.

आता पेटंटचं, कारण यावर आमच्याकडे तीन दिवाळ्या वाद झालाय. पेटंट खरंच दिलं होतं, 1995 मध्ये, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याबद्दल. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं, तेव्हा डॉ. माशेलकर महासंचालक होते, त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. का? तर हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, लिहून ठेवलेलं आहे, नवा शोध नव्हेच, म्हणून. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण त्या निकालात मधुमेहाचा संबंध कुठंच नाही, आणि मधुमेह्याच्या पायाची चिघळलेली जखम लेपानं भरते असंही कुणी ठरवून दिलेलं नाही. खऱ्या गोष्टीचं बोट धरून खोटी गोष्ट घरात येते ती अशी. मिरीचंही तेच. मिरीतल्या पिपरीननं कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, रक्तात वीसपट जास्त उतरतं, हा प्रयोग बंगळुरूलाच झाला, 1998 मध्ये निकाल छापून आला. तिथून '2000 टक्के' सगळ्या फॉरवर्डमध्ये गेलं. पण मुळात रक्तात उतरतं इतकं कमी की वीसपट केलं तरी फार काही नाही. आणि चमचाभर हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा तीनेक. संशोधनात वापरतात तो काढलेला अर्क. आमटीतल्या हळदीला माझं काही म्हणणं नाही, पण अर्काच्या कॅप्सूलनं, त्यातही मिरीचा अर्क घातलेल्या, लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य दिसलं की मी पुढं वाचत नाही.

ओळखायचं कसं, हा तुमचा प्रश्न. मी एकच बघते: मेसेज चालू औषध बंद करायला लावतो का? लावत असेल तर पाठवणारा एमडी असो नाहीतर महाराज, कचऱ्यात. मग दिवसांचा आकडा, 'मुळासकट', 'डॉक्टर लपवतात', आणि तळाशी फोन नंबर. नंबर असेल तर ती जाहिरात आहे, आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या औषधे व जादूटोणाविषयक उपचार कायद्यानं गुन्हाच आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. मी केली नाही. करायची तर मेसेज कुणी पाठवला ते सांगावं लागलं असतं.

पटवून देण्याचं म्हणाल तर मी लेखांच्या लिंका पाठवल्या, यूट्यूबवरचे चांगल्या डॉक्टरांचे व्हिडिओ दाखवले, रडले, ओरडले. अण्णा नुसते "बरं" म्हणायचे. उपयोग झाला तो वहीचा. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांना ग्लुकोमीटर दिला आणि एक कोरी रोजकीर्द. म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, दादावरही नको, रोज सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी आकडा लिहा. त्यांनी रकाने आखले. पहिल्याच आठवड्यात मला न सांगता त्यांनी एक दिवस गोळी चुकवून, हळदीचं पाणी पिऊन आकडा घेतला, आणि तो लाल शाईनं लिहिला. (असले प्रयोग तुम्ही करू नका. मी तेव्हाही ओरडले.) पण त्यानंतर गोळी चुकलेली नाही. सासऱ्यांसाठी दंडावर पट्टा बांधायचं बीपीचं मशीन घ्या, मनगटावरचं नको, आणि वही त्यांच्याच हातात द्या.

एक सांगायचं राहिलं. दादाला मी भांडताना म्हटलं होतं की मधुमेह कधीच जात नाही. तेही पूर्ण खरं नाही. काही जणांची शुगर, विशेषतः आजार नवा असताना भरपूर वजन उतरवलं तर, गोळ्यांशिवाय ताब्यात राहते. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, तपासण्या करत, कपाटामागं पाकिटं लपवून नाही. आणि डॉक्टरांचीही चूक आहेच. दोन मिनिटांत पेशंट उरकला की तो उरलेले प्रश्न मोबाइलला विचारणार. दादानं निदान अण्णांशी अर्धा तास बसून बोलणं केलं होतं. मी फक्त "गोळ्या घेताय न्हवं" विचारत होते.

दादा इथं वाचत असतो, मला माहीत आहे. दादा, 23 तारखेला अण्णांचा पाय दाखवायला मिरजेला आणायचंय. गाडी तू काढ, वही मी घेते.