मेडिकलवरून चुकीची गोळी गेल्याचं नंतर लक्षात आलं तर काय करायचं, कुठे कळवायचं?

तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी बिलं लावताना कळलं, एका बाईंना ॲसिडिटीच्या गोळीऐवजी साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी गेली. मालक म्हणतात, ‘परत आल्या की बदलून देऊ.’ तुम्ही नवीन आहात.

वाट पाहू नका. आधी त्यांना फोन करा, बाकीचं उत्तर मागाहून वाचा. बिलावर नंबर नसेल तर चिठ्ठीवरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मिळेल. तिथेही नाही मिळाला तर घर शोधत जा. मी इंदूरला राजेंद्र नगरात फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे आडनाव सांगितलं तरी कुणीतरी दारापर्यंत नेऊन सोडतं, तुमच्या भागातही सोडेल.

विचारायचं ते एवढंच: गोळी घेतली का, किती, कधी, त्यानंतर काही खाल्लं का, आणि आत्ता कसं वाटतंय. घेतली नसेल तर थांबवा आणि स्वतः जाऊन बरोबर गोळी देऊन या. घेतली असेल तर गंभीरपणे घ्या. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड अशी साखर उतरवणारी गोळी मधुमेह नसलेल्या माणसाच्या पोटात गेली तर रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. घाम येतो, हात थरथरतात, माणूस भलतंच बोलायला लागतो, बेशुद्धही पडतो. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्यायला सांगा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. उलटी करवायची नाही. आणि साखरपाण्याने बरं वाटलं म्हणून झोपू द्यायचं नाही, कारण या गोळ्यांचा असर कित्येक तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरते. दवाखान्यात देखरेखीखाली राहायलाच हवं. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना कळवा. दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्रही १८०० ११६ ११७ वर सल्ला देतं.

मालकांना सांगायचंच, पण फोन झाल्यावर. बदनामीची भीती मी समजू शकतो. तरीही चूक दडवणं मला चुकीपेक्षा वाईट वाटतं, कारण तेवढ्या वेळात पुढची गोळी पोटात जाते. इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात असाच एक खटला झाला होता. डॉक्टरांनी अमोक्सिल हे अँटिबायोटिक लिहिलं, अक्षर वाईट होतं, दुकानातून डाओनिल ही साखरेची गोळी गेली आणि रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयाने पाव जबाबदारी डॉक्टरांवर टाकली आणि पाऊण फार्मासिस्टवर. लिहिलेला डोस डाओनिलचा असूच शकत नव्हता, तिथे शंका यायला हवी होती, असं न्यायालयाचं म्हणणं. अक्षर लागत नसेल तर अंदाज नको, डॉक्टरांना फोन करा.

चिठ्ठी, बिल, उरलेली स्ट्रिप, बॅच नंबर सगळं जपून ठेवा. बिल बदलू नका. औषधाने त्रास झाला असेल तर भारत सरकारचा औषध-सुरक्षा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, हेल्पलाइन १८०० १८० ३०२४. फॉर्म फार्मासिस्टही भरू शकतो, रुग्णही. नाव गुप्त राहतं, आणि फॉर्म भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, हे त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. मालकांना ती ओळ दाखवा.

आता पुन्हा होऊ नये म्हणून. सारख्या नावाच्या, सारख्या रंगाच्या स्ट्रिपा एका ड्रॉवरमध्ये ठेवू नका. अक्षरक्रमाने लावण्याची सवय इथे घात करते. रॅकवरून काढताना, बिल करताना आणि हातात देताना, तिन्ही वेळा नाव आणि ताकद वाचा. स्ट्रिप कापून देताना नाव आणि एक्स्पायरीचा भाग गिऱ्हाइकाकडे जाईल असं कापा. देताना विचारा, ‘काकू, ही कशासाठी घेताय?’ बाई ‘जळजळ होते’ म्हणाल्या आणि तुमच्या हातात साखरेची गोळी असेल, तर चूक काउंटरवरच पकडली जाते. मला तरी याहून भरवशाचा उपाय माहीत नाही, आणि त्याला पैसाही लागत नाही.

दोन औषधांना जास्त जपा. संधिवाताला दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. पाकिटावर वार लिहा, ‘फक्त सोमवारी’, आणि घरच्यांनाही सांगा. दुसरं इन्सुलिन. आपल्याकडे शिशी बहुधा ४० युनिटची (एका मिलीलिटरमध्ये ४०) असते, तिला लाल झाकणाची सिरिंज. केशरी झाकणाची १०० युनिटच्या शिशीसाठी. अदलाबदल झाली की डोस अडीच पट चुकतो, कधी कमी, कधी जास्त.

काउंटरखाली एक वही ठेवा. हातातून जाता जाता टळलेली प्रत्येक चूक त्यात लिहा: कोणतं औषध, किती वाजता, गर्दी होती का. कुणाचंही नाव नको, नाहीतर मुलं लिहिणं बंद करतात. महिनाभराची पानं मालकांसमोर ठेवा. चुका रात्री आठच्या गर्दीत एकवटलेल्या दिसल्या, तर त्या वेळेला बिलावर दुसरा माणूस मागा.