ब्राउझर कुठला घेऊ आणि हे स्पायवेअर घरात येतं कुठून? : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये बरेचसे प्रश्न घरच्या कॉम्प्युटरचेच निघाले, त्यामुळे मोबाईलचे पुढच्या अंकात घेते आणि आज हे चार. स्पायवेअर म्हणजे आपल्या नकळत मशीनमध्ये बसून आपली माहिती चोरणारा प्रोग्राम.

प्रश्न (मिरज): मॅडम नमस्कार, मी निवृत्त शिक्षिका. घरी विंडोज ११ चा कॉम्प्युटर आहे, पेन्शनचं, बँकेचं बघायला आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल करायला वापरते. गेले तीन आठवडे स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली सारखे चौकोन येतात, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, ताबडतोब स्कॅन करा असं. शिवाय क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच कुठलं तरी सर्चचं पान येतं. मुलगा म्हणतो ब्राउझर बदल, शेजारचे म्हणतात चांगला अँटीव्हायरस विकत घ्या. बँकेचं काम करायची आता भीती वाटते.

उत्तर: बाई, घाबरू नका, तुमच्याकडे दोन वेगवेगळे त्रास एकदम आलेत आणि दोन्ही घरी बसून निघतात, पैसे न देता.

कोपऱ्यातले चौकोन आधी. ते बहुतेक व्हायरस नसतातच, ती कुठल्या तरी वेबसाइटची नोटिफिकेशन्स असतात आणि त्या साइटला तशी परवानगी कधीतरी आपल्याच हातून दिली गेलेली असते. मागच्या महिन्यात आमच्या क्लासवर एक काका स्कूटरवर पुढे सीपीयू ठेवून घेऊन आले, चादरीत गुंडाळून, अगदी हीच तक्रार. मी क्रोमची सेटिंग्ज उघडली, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, आणि तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी खाली सरकवत गेले तर ३१ साइट्स. काकांना एकही नाव ओळखीचं वाटेना. मग हळूहळू आठवलं, नातीचा दहावीचा निकाल शोधताना एक पान उघडलं होतं, त्यावर लिहिलेलं की तुम्ही रोबो नसाल तर वर येणारं ‘अलाव’ दाबा, आणि त्यांनी दाबलं. त्यात त्यांची काय चूक, निकाल बघायची घाई होती आणि समोरचं पान तर सांगतंय की हे दाबल्याशिवाय दिसणार नाही. सगळ्या ३१ काढल्या आणि तिथेच वर असलेला, साइट्सनी नोटिफिकेशन पाठवूच नयेत असा पर्याय निवडून दिला. कोपरा त्याच मिनिटाला शांत. तुम्हीही तेच करा, आणि तोवर त्या चौकोनावर क्लिक मात्र करू नका, कारण तिथून पुढे खोटा अँटीव्हायरस विकणारी नाहीतर ‘कस्टमर केअर’चा नंबर देणारी पानं उघडतात आणि खरं नुकसान तिथे होतं.

सर्चचं पान बदललंय ते बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचं काम. क्रोमच्या वरच्या तीन टिंबांवर जाऊन एक्स्टेन्शन्सची यादी काढा, पीडीएफ करणारं, कूपन शोधणारं, व्हिडिओ उतरवणारं असलं काहीतरी दिसेल जे तुम्ही आठवून घेतलेलं नाही, ते काढून टाका. तरीही पान परत येत असेल तर सेटिंग्जमध्ये रीसेट आहे, त्याने बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत, फक्त एक्स्टेन्शन्स बंद होतात आणि सगळीकडे परत लॉगिन करावं लागतं. अजून एक बघा, त्याच तीन टिंबांच्या मेन्यूत अगदी खाली ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं दिसतंय का. ऑफिसच्या मशीनवर ते असणारच, काही अँटीव्हायरसमुळेही येतं, पण घरच्या कॉम्प्युटरवर काही कारण नसताना दिसलं तर कुणीतरी खोलवर हात घातलाय समजा आणि जाणकाराला बोलवा.

आता शेजाऱ्यांचं. विंडोजमध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटीव्हायरस आधीपासून असतो आणि घरगुती वापराला तो चांगला आहे, हे मी रोज मशीन उघडणारी बाई म्हणून सांगते. विंडोज सिक्युरिटी उघडा, स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे तो एकदा चालवा, मशीन रीस्टार्ट होतं आणि साधारण पंधरा मिनिटं लागतात. याच विंडोज सिक्युरिटीत नको असलेली अ‍ॅप्स अडवायचा एक स्विच आहे, रेप्युटेशनवाल्या सेटिंग्जमध्ये, तो चालू आहे ना तेही बघा. विकतचा घ्यायचाच तर एकच घ्या, दोन एकत्र टाकले की मशीन रडकुंडीला येतं. आणि फुकट वाटणाऱ्यांपासून जरा जपून. अव्हास्टचं प्रकरण मला आजही सलतं, लोकांनी विश्वासाने घेतलेला अँटीव्हायरस आणि त्याची एक्स्टेन्शन्स, त्यांनीच लोक काय बघतात त्याची माहिती गोळा करून जम्पशॉट नावाच्या आपल्याच कंपनीमार्फत विकली, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखण करायला ठेवलेल्यानेच घरातलं बाहेर सांगावं, यापेक्षा वाईट काय.

आणि मुलाचं म्हणणं. तो म्हणतो त्यात तथ्य आहे, पण नुसता ब्राउझर बदलून हे गेलं नसतं, नव्या ब्राउझरमध्येही कुणीतरी ‘अलाव’ विचारणारच. तरी निवड सांगते. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा ही नावं वेगळी असली तरी आतलं इंजिन एकच, क्रोमियम. फायरफॉक्स वेगळा. सुरक्षेच्या बाबतीत यातला कुठलाही चालेल, अट एकच, तो अपडेट होत राहिला पाहिजे. पण मी स्वतः फायरफॉक्सकडे झुकते ते एका कारणासाठी, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन पुरेपूर चालतं. क्रोमने एक्स्टेन्शन्सचे नियम बदलले आणि ते तिथे बंद पडलं, आता ‘लाइट’ मिळतं, ते बरं आहे पण त्यात तेवढा दम नाही. आणि खोट्या ‘डाउनलोड’ बटणांपासून खोट्या व्हायरसच्या इशाऱ्यांपर्यंत बरंचसं जाहिरातींच्या वाटेने येतं, म्हणून मी जाहिरात अडवण्याला एवढं महत्त्व देते.

माझ्या आईला मी दोन ब्राउझर लावून दिलेत. रोजचं वाचन, रेसिपी, पंचांग, बातम्या सगळं फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकून, आणि बँक, पेन्शन फक्त एजमध्ये, तो विंडोजबरोबर येतोच, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही, बँकेचा पत्ता बुकमार्क केलेला, दुसरं काहीही त्यात उघडायचं नाही. ती म्हणते हा माझा सोवळ्यातला. तुम्हीही असं करून बघा बाई, भीती निम्म्याने जाईल.

प्रश्न (नाशिक): मी बँकेचं सगळं इनकॉग्निटोमध्ये करतो, त्यामुळे स्पायवेअरला काही दिसत नाही ना?

उत्तर: दिसतं. इनकॉग्निटो फक्त एवढंच करतो की खिडकी बंद केल्यावर त्या कॉम्प्युटरवर हिस्टरी आणि कुकीज (साइट्स ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) उरत नाहीत, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाला कळत नाही. मशीनमध्येच बसून तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण टिपणारा प्रोग्राम असेल तर त्याला खिडकी कुठली याने काही फरक पडत नाही, आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीलाही तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळतंच. सायबर कॅफेत तर बँक उघडूच नका, इनकॉग्निटो असो नसो.

प्रश्न (इचलकरंजी): ताई, मी घरून डीटीपीची कामं करतो, पत्रिका, बॅनर, बिलबुकं. मशीन २०१५ चं, विंडोज १०, चार जीबी रॅम. नवीन घ्यायची आत्ता ऐपत नाही. सॉफ्टवेअर मित्राकडून पेन ड्राइव्हवर आणलेली आहेत. हल्ली मशीन नुसतं बसलं असलं तरी पंखा जोरात फिरतो. विंडोज १० आता बंद झालं म्हणतात, मग कुठला ब्राउझर हलका पडेल?

उत्तर: दादा, ब्राउझरचा प्रश्न इथे दुसऱ्या नंबरवर आहे, आधी त्या पेन ड्राइव्हचं बोलू. तुम्हाला कमी लेखायला नाही सांगत, आपल्याकडे छोट्या धंद्यात किती जण असंच सुरू करतात ते मला माहितीय. पण क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर, टाकताना पहिली सूचना काय असते आठवा, अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर हा फोल्डर स्कॅनमधून वगळा. म्हणजे राखणदाराला बाहेर पाठवूनच तो पाहुणा आत येतो, आणि आत येताना कुणाला घेऊन येतो ते तुम्हाला कधी दिसत नाही. काम नसताना पंखा जोरात फिरणं हे धुळीनेही होतं, आधी साफ करून बघा, पण तुमच्या मशीनवर दुसऱ्या कुणाचं क्रिप्टो मायनिंग (तुमच्या मशीनच्या ताकदीवर आभासी चलन कमावणं) चालू असेल तर अगदी असंच होतं. डिफेंडरमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ म्हणून यादी असते ती उघडा, क्रॅकच्या वेळी टाकलेले फोल्डर तिथे बसलेले सापडतील, ते काढा, मग पूर्ण स्कॅन लावून रात्रभर ठेवा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची फुकट टूल्स आहेत, आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंही आहे त्यात, तेही चालवा.

बिलबुकं आणि साध्या बॅनरला इंकस्केप, जिम्प, स्क्रायबस ही डिझाइनची सॉफ्टवेअर फुकट आणि सरळमार्गी आहेत. पंधरा दिवस हात अडखळेल, जुनी शॉर्टकट्स आठवतील, पण पत्रिका होते. फॉन्टसाठी तर कुणाच्या पेन ड्राइव्हची गरजच उरली नाही, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता, बालू हे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि छपाईत सुरेख दिसतात, जोडाक्षरं तर विशेष.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. पण घरगुती वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट्सची सोय ठेवली, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत, विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते. विंडोज ११ तुमच्या मशीनवर अधिकृतपणे बसणार नाही, प्रोसेसर जुना आहे, आणि कुणी बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्यापेक्षा लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, हार्ड डिस्कला हात न लावता बघता येतं, इंकस्केप आणि जिम्प तिथेही तसेच चालतात.

आणि ब्राउझर, चार जीबीत फायरफॉक्स काय आणि एज काय, थोडं उन्नीस-बीस. टॅब पाचसहाच्या वर नेऊ नका आणि यूब्लॉक टाका, जाहिराती लोड झाल्या नाहीत की पानं हलकी होतात, जुन्या मशीनला तेवढा फरक जाणवतो. डाउनलोड करताना मात्र सर्चमध्ये सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं जे येतं ते सोडून खाली या, फायरफॉक्स मोझिलाच्याच साइटवरून घ्या.

प्रश्न (डोंबिवली): काल रात्री बाबा एक जुनं नाटक ऑनलाइन शोधत होते. एका पानावर आलं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. बाबांनी तसं केलं. एक काळी खिडकी क्षणभर आली आणि गेली, पुढे काहीच झालं नाही. स्कॅनमध्ये काही सापडत नाही. झालंय का काही?

उत्तर: हे पत्र मेलने आलं होतं म्हणून मी त्याच रात्री कळवलं, अंकाची वाट बघितली नाही. बाकीच्यांसाठी इथे देतेय, कारण आजघडीला हा मला सगळ्यात घातक प्रकार वाटतो.

होतं काय बघा. ते पान उघडताच त्याने गुपचूप एक कमांड तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो तिथे, कॉपी केलेली असते. विंडोज आणि आर दाबलं की ‘रन’ची चौकट उघडते, कंट्रोल-व्हीने ती कमांड तिथे पडते आणि एंटरने चालते. म्हणजे चोराने कुलूप तोडलेलंच नाही, मालकाच्या हातूनच किल्ली फिरवून घेतली, म्हणून ब्राउझर कुठलाही असता तरी हे झालंच असतं आणि अँटीव्हायरसलाही बरेचदा उशिरा कळतं. या वाटेने जे येतं ते बहुतेक पासवर्ड चोरणारं असतं. ल्युमा नावाच्या अशाच एका चोराविरुद्ध मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मे महिन्यात मोठी कारवाई केली, त्याआधीच्या दोन महिन्यांत त्याने जगभरात ३,९४,००० हून जास्त विंडोज कॉम्प्युटर धरले होते. असले प्रोग्राम ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलतात आणि लॉगिनच्या कुकीजही, आणि ती कुकी हाती लागली की चोर पासवर्ड आणि ओटीपी न विचारता थेट तुमच्या मेलमध्ये शिरू शकतो. काम मिनिटाभरात उरकतं, कधीकधी मागे काही ठेवतही नाहीत, म्हणून स्कॅन कोरा आला म्हणजे सुटलो असं समजायचं नाही.

मी त्यांना सांगितलं ते असं. कॉम्प्युटरचं नेट आधी तोडा, केबल काढा नाहीतर राउटरच बंद करा. मग मोबाईलवरून, मोबाईलच्या डेटावर, बाबांचं जीमेल उघडून पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाइसेसमधून साइन आउट करा, हे सगळ्यात आधी, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. मग बँक, मग बाकीचं. बँकेला फोन करून नेटबँकिंग तात्पुरतं थांबवा. पैसे गेलेले दिसले तर एक मिनिटही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, जितका लवकर तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. जुने पासवर्ड त्या कॉम्प्युटरवर पुन्हा टाकू नका. आणि तो पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाका, फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेर काढून. पुढे बाबांसाठी साधं अकाउंट वेगळं करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे राहू द्या, म्हणजे निदान नवीन काही इन्स्टॉल होताना मशीन तुम्हाला विचारेल. या कमांडला त्याने पक्का अडसर बसत नाही, म्हणून विंडोज-आर कुणी सांगितलं तर दाबायचं नाही हे एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा.

आणि बाबांवर चिडू नका हेही लिहिलं होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुलीला सांगितलं हेच मोलाचं, माझ्याकडे येणारे कितीतरी जण लाजेने महिनाभर गप्प बसलेले असतात आणि तोवर खातं रिकामं झालेलं असतं.

त्यांचं उत्तर चार दिवसांनी आलं. जीमेलच्या यादीत घरातल्या कुणाचंच नसलेलं एक डिव्हाइस दिसत होतं, ते काढलं. बँकेत रुपयाही हललेला नाही. रविवारी भावाने विंडोज नव्याने टाकलं, आणि बाबांनी चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात, मोठ्या स्केचपेनने लिहून लावलीय.