स्पॅनिश कानाने शिकताना

प्रश्न : रोज लोकलमध्ये जाऊन-येऊन दीड तास जातो. त्या वेळात स्पॅनिश शिकायचंय. पिम्सलर, मिशेल थॉमस की लँग्वेज ट्रान्सफर, यांपैकी कोणता ऑडिओ कोर्स घेऊ? इंग्रजी बऱ्यापैकी येतं.

उत्तर : सुरुवात लँग्वेज ट्रान्सफरने करा. ९० छोटे धडे आहेत आणि पूर्ण मोफत. यात वाक्य कसं बनतं ते उलगडत नेतात, पाठांतर जवळपास नाहीच. मात्र शिक्षकाने प्रश्न विचारला की लगेच पॉज दाबा, स्वतःचं वाक्य पूर्ण तयार करा, मगच रेकॉर्डिंगमधल्या विद्यार्थ्याचं उत्तर ऐका. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं : पॉज न दाबता गाणी ऐकल्यासारखे धडे ऐकतात, सगळं कळल्यासारखं वाटतं आणि बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही.

मिशेल थॉमसची पद्धत याच वळणाची, पण विकतची. आधी मोफतचा लँग्वेज ट्रान्सफर वापरून पाहावा हे बरं.

पिम्सलरच्या एका लेव्हलमध्ये अर्ध्या तासाचे ३० धडे. उत्तरासाठी जागा रेकॉर्डिंगमध्येच सोडलेली असल्याने गर्दीत फोन खिशातून काढावा लागत नाही. रोज एकच धडा, साधारण ८० टक्के उत्तरं जमली की पुढचा. व्याकरण फारसं समजावत नाहीत, म्हणून हा दुसऱ्या टप्प्यावर घ्या.

डब्यात मनातल्या मनात म्हटलेलं घरी एकदा मोठ्याने म्हणाच. तिन्ही कोर्स इंग्रजीतून असल्याने ‘ट’, ‘ड’ तोंडात बसतात. स्पॅनिशमध्ये आपले ‘त’, ‘द’ जास्त जवळचे.