‘चालायचं नंतर बघू’ असं थेरपिस्ट म्हणतात तेव्हा

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या मुलांचे पालक मला जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारतात, तो साधारण असा असतो: "इतकी वर्षं आम्ही नेमानं व्यायाम करून घेतोय. आता नवीन थेरपिस्ट म्हणतात, व्यायामांची यादी बाजूला ठेवू आणि आधी दोन-तीन ध्येयं ठरवू. आणि ध्येयं कसली, तर खाली बसणं, संडासला जाणं. म्हणजे आमचं मूल चालणार नाही असं यांनी ठरवूनच टाकलंय का?" या प्रश्नामागची भीती खरी असते आणि ‘तसे काही नाही, धीर धरा’ एवढ्या उत्तराने ती जात नाही. म्हणून एका कुटुंबाबरोबरचा अनुभव येथे सविस्तर मांडत आहे. मुलीचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ईश्वरी साडेसहा वर्षांची असून गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत आहे. तिचा जन्म गर्भारपणाच्या ३१ व्या आठवड्यात झाला. तिच्या दोन्ही पायांत ताठरपणा आहे, ज्याला डॉक्टर स्पास्टिक डायप्लेजिया म्हणतात. हात त्या मानाने चांगले चालतात, बोलणे स्पष्ट आहे आणि पाढ्यांत ती वर्गात पुढे आहे. मागे राहणारा वॉकर धरून ती घरात आणि वर्गात चालते, पण वॉकर सोडून आधाराविना चार पावले टाकू शकत नाही. शाळेच्या अंगणातल्या मुरमात वॉकरची चाके रुततात, त्यामुळे तिथे तिला उचलूनच न्यावे लागते. तिची आई रोज सकाळी अर्धा तास तिचे पाय ताणून देत असे. मुलगी रडत असे, आजी आतून ‘सोड गं तिला’ म्हणत असे, आणि आई दात आवळून मोजणी पूर्ण करत असे.

आमच्या केंद्रातल्या फिजिओथेरपिस्टने ध्येये ठरवण्याची गोष्ट काढली, तेव्हा आई तिथे काहीच बोलली नाही. माझ्या खोलीत येऊन मात्र ती रडली. मॅडम, चार वर्षं मी एक दिवस खाडा केलेला नाही, असे ती म्हणाली. तिच्या मनात व्यायाम आणि चालणे यांचा हिशोब सरळ होता: जितका व्यायाम जास्त, तितके चालणे जवळ. तो हिशोब कोणी मोडला की आपले कष्ट पाण्यात गेले, असेच तिला वाटणार होते. अशा वेळी शास्त्र सांगायला घाई करू नये, असे माझे मत आहे. आधी त्या चार वर्षांची दखल घ्यावी लागते. या काळात मुलीचे सांधे आखडले नाहीत, ती वॉकरवर आली, तिचे शाळेत नाव घातले, हे सगळे मी तिच्यासमोर एकेक करून मांडले, आणि मग विषयाला हात घातला.

पहिला विषय चालण्याचाच होता. तो टाळून ध्येयांकडे वळलो असतो, तर आईची शंका खरी ठरली असती. म्हणून मी थेरपिस्टला खोलीत बोलावले आणि त्यांनी स्पष्ट भाषेत सांगितले. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने १९९७ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या मोठ्या हालचालींची (बसणे, उभे राहणे, चालणे) पाच पायऱ्यांची वर्गवारी तयार केली, जी जीएमएफसीएस या नावाने जगभर वापरली जाते. त्यात ईश्वरी तिसऱ्या पायरीवर येते. या पायरीवरची मुले बहुधा हाताने धरायच्या साधनाच्या आधारे घरात-शाळेत चालतात आणि लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर वापरतात. त्याच देशातल्या ओंटारिओ प्रांतात अशा ६५७ मुलांची वाढ वर्षानुवर्षे मोजून २००२ मध्ये जे आलेख प्रसिद्ध झाले, त्यांवरून असे दिसते की मोठ्या हालचालींची बहुतेक क्षमता वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत येते, आणि पायरी जितकी वरच्या क्रमांकाची, म्हणजे अडचण जितकी जास्त, तितकी ती लवकर येऊन स्थिरावते.

हे ऐकून आईचा चेहरा पडला. मग आता थेरपी कशाला, हा तिचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि बहुतेक पालक नेमके इथेच कोसळतात. ते आलेख मूल चाचणीच्या खोलीत जास्तीत जास्त काय करू शकते हे मोजतात. तेच मूल शाळेत, न्हाणीघरात, लग्नाच्या पंगतीत प्रत्यक्ष काय करते, ही गोष्ट निराळी आहे, आणि या दोहोंमधले अंतर कमी करायला वयाची अट नाही. ईश्वरीच्या पायांत जी ताकद आज आहे, तिच्यातली बरीचशी वापराविना पडून होती, कारण घरातले मोठे तिला उचलून ठेवत होते.

व्यायामांबद्दलही असेच काही बोलावे लागले. पाय नुसते ताणून दिल्याने मुलाला नवी हालचाल करता येत नाही. ती हालचाल मेंदूला शिकावी लागते आणि त्यासाठी मुलाने स्वतः, पूर्ण कृती, पुन्हा पुन्हा, खऱ्या जागी करावी लागते. पोळी लाटायला शिकायचे असेल तर मनगटाचे व्यायाम करून भागत नाही, पोळपाटापाशी बसावे लागते, एवढे सांगितल्यावर आजींनी मान डोलावली. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या संशोधनाच्या मोठ्या आढाव्यांनी ध्येयाधारित सराव आणि घरी करायचा नियोजित सराव या दोन्हींना ठाम पसंती दिली आहे, तर मुलाने स्वतः काही न करता त्याच्यावर केल्या जाणाऱ्या उपचारांना ती दिलेली नाही. याचा अर्थ घोट्याचे स्प्लिंट काढून फेकायचे असा मात्र नाही. स्प्लिंट (घोटा योग्य स्थितीत धरणारा आधार), ताठर स्नायू सैल करणारी बोटुलिनमची इंजेक्शने, खुब्याच्या सांध्यांचे नियमित एक्स-रे यांचे काम वेगळे आहे आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच ठेवायचे असते.

ध्येय ठरवताना पालकांना ‘तुमचे ध्येय काय’ असे विचारले की परीक्षेत उत्तर द्यावे तसे ते ‘चालणे’ म्हणतात आणि गप्प होतात. त्याऐवजी मी कालचा दिवस विचारते. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तिला कुठे कुठे उचललेत, किती वेळ लागला, कोण वैतागले, मुलगी कुठे रडली? ईश्वरीच्या आईने बोटे मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्या दिवसातच दोन्ही हातांची बोटे संपली. सतरा किलोची मुलगी, आणि आईची कंबर आधीच दुखरी. सर्वांत मोठी कुचंबणा घरामागच्या संडासाची होती. तिथे वॉकर दारातून आत जात नव्हता आणि आईला तिला उचलून भांड्यावर धरून ठेवावे लागत होते.

मग मी ईश्वरीला विचारले. मुलांना विचारायचेच असते, आणि आईच्या देखत नव्हे तर थोडे बाजूला. तिने क्षणभरही विचार न करता सांगितले, "मला सगळ्यांबरोबर खाली बसून खिचडी खायचीय." मधल्या सुट्टीत पोषण आहार वाढला जातो तेव्हा मुले व्हरांड्यात सतरंजीवर ओळीने बसतात, आणि ईश्वरी वर्गात बाकावर एकटी जेवते. हे आईला माहीत होते. मुलीला ते इतके लागते, हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

थेरपिस्टने या इच्छेचे मोजता येईल असे ध्येय केले. त्यासाठी १९६८ मध्ये किरेसुक आणि शेरमन यांनी मांडलेली पाच टप्प्यांची मोजपट्टी वापरतात. आजची स्थिती उणे दोन: दोन मोठ्यांनी उचलून खाली बसवावे लागते आणि बसल्यावरही ती मागे कलंडते. बारा आठवड्यांनी अपेक्षित असलेली स्थिती शून्य: व्हरांड्याचा कठडा धरून पाटावर स्वतः बसणे, जेवण होईपर्यंत टिकणे आणि एका व्यक्तीच्या एका हाताच्या आधाराने उठणे. कोणाच्याही हाताशिवाय उठली तर अधिक एक, आणि पाटही लागला नाही तर अधिक दोन. उणे एक म्हणजे कमरेला धरून बसवावे लागणे. आई म्हणाली, यात चालणे कुठेच नाही. थेरपिस्टने तिला दाखवले की खालून उठताना एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे घेऊन शरीर वर ढकलावे लागते, आणि त्यात मांड्या व नितंब यांचे जे स्नायू लागतात तेच पावलागणिक शरीर तोलतात.

पाटाचे कारणही सांगण्यासारखे आहे. मांडीच्या मागचे स्नायू आखूड असले की सपाट जमिनीवर पाय पसरून किंवा मांडी घालून बसताना ते ओटीपोटाचे हाड मागे खेचतात, पाठीला पोक येतो आणि मूल मागे पडते. बूड चार बोटे उंच झाले की ती ओढ कमी होते आणि दोन्ही हात जेवायला मोकळे होतात. सुरुवात उंच चौरंगापासून झाली, मग कमी उंचीचा चौरंग, मग पाट. घरी रात्री सगळे खालीच जेवायला बसत. आतापर्यंत ईश्वरीला तेवढी प्लॅस्टिकची खुर्ची असे. ती खुर्ची उचलून ठेवली आणि रोजच्या जेवणातच सराव बसला. सकाळचा अर्ध्या तासाचा रडारडीचा कार्यक्रम थेरपिस्टच्या सल्ल्याने बंद झाला, याचा सर्वाधिक आनंद आजींना झाला.

शाळेतल्या बाई आधी तयार नव्हत्या. पडली तर जबाबदारी कोणाची, असे त्या म्हणाल्या, आणि पस्तीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेचा तो प्रश्न हटवादीपणाचा नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, हे आम्ही सांगू शकलो असतो. पण कायदा पुढे करून शाळेत शिरण्यापेक्षा थेरपिस्टने मधल्या सुट्टीत तिथे जाऊन कुठे धरायचे आणि कुठे धरायचे नाही हे दाखवणे अधिक उपयोगी ठरले. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी ते पटकन उचलले. मुलीला काखेत धरून ओढायचे नाही, आपला हात फक्त पुढे करायचा आणि ती धरेपर्यंत थांबायचे, ही गोष्ट त्यांना दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही.

या काळात वडिलांनी एक वेगळाच प्रश्न आणला. कोणीतरी त्यांना स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) उपचार सुचवले होते आणि त्यासाठी दागिने मोडण्याची त्यांची तयारी होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार काही रक्तविकारांतले प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त संशोधन चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. हे समजल्यावर ते थांबले. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे विमाछत्र मिळते आणि जिल्हा रुग्णालयांशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते, हे त्यांना आधी कोणीच सांगितलेले नव्हते.

बारा आठवड्यांनी मोजणी झाली. व्हरांड्यातल्या जेवणाचे ध्येय शून्यावर आले, म्हणजे ठरवले होते तेवढे साधले; उठताना मावशींचा हात लागतोच. संडासासाठी ठरवलेले दुसरे ध्येय उणे एकवर अडकले. भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आली, पण धरायचा भिंतीतला बार गवंड्याने मोठ्या माणसाच्या उंचीवर बसवला होता आणि दारही अरुंदच राहिले. ध्येय गाठले नाही म्हणजे मुलगी कमी पडली असे आईने लगेच मानले. त्या बैठकीतला माझा बहुतेक वेळ हे उलगडण्यातच गेला की मोजपट्टी मुलीला गुण द्यायला नसते, पुढे काय बदलायचे ते कळायला असते, आणि इथे बदलायची होती ती भिंत. बार आता ईश्वरीच्या कोपराच्या उंचीवर घेतला आहे. दार रुंद करण्याचे काम दिवाळीनंतर व्हायचे आहे.

पुढच्या टप्प्यासाठी ईश्वरीने पाण्याची बाटली स्वतः भरून आणणे निवडले आहे, त्यासाठी वॉकरला पिशवी शिवण्याचे काम आजींनी घेतले आहे. व्हीलचेअरचा निर्णय मात्र झालेला नाही. जत्रेच्या गर्दीत आणि बाजारात तिचा उपयोग होईल हे आईला पटले आहे. वडिलांना ती खुर्ची घरात आली की मुलगी कायमची तिच्यात बसेल असे वाटते. त्यांच्यावर घाई करावी असे मला वाटत नाही. याच पायरीवरच्या, आता दहावीत असलेल्या एका मुलाच्या वडिलांशी त्यांची गाठ घालून द्यायचे ठरले आहे. तो मुलगा वर्गात वॉकर वापरतो आणि शाळेपर्यंत व्हीलचेअरने जातो.