डब्यावर ‘संपूर्ण’, आत भाग कमी

प्रश्न : निवृत्तीनंतर मी जुन्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन मालिका व चित्रपटांच्या डीव्हीडी जमवू लागलो आहे. काही लंडनहून मागवतो, काही मेलबर्नची पुतणी येताना आणते. ‘डॅड्स आर्मी’च्या संचावर ‘संपूर्ण’ असे छापलेले असूनही दुसऱ्या पर्वाचे तीनच भाग निघाले. शिवाय बऱ्याच डीव्हीडी घरच्या प्लेअरवर चालत नाहीत. माझी फसवणूक झाली आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. १९६९ च्या त्या दुसऱ्या पर्वात सहा भाग होते, त्यांपैकी तीनच आज शिल्लक आहेत. आणि त्यांतलेही दोन २००१ मध्ये सापडले म्हणून आपल्याला पाहायला मिळतात. त्या काळी चित्रमुद्रणाची दोन इंच रुंदीची फीत फार महाग असे, पुनःप्रक्षेपणावर कलावंतांच्या करारांची बंधने असत आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना कोणी विचारीनासे झाले. त्यामुळे बीबीसीसारखी संस्थासुद्धा मुद्रण पुसून तीच फीत पुन्हा वापरत असे. ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असेच गेले. जे वाचले, त्यांतले बरेच परदेशी विक्रीसाठी १६ मिलिमीटर फिल्मवर काढलेल्या प्रतींमुळे वाचले. नायजेरियातील जोस शहरात सापडलेले या मालिकेचे नऊ भाग २०१३ मध्ये प्रेक्षकांसमोर आले, तेही अशाच प्रतींतून. म्हणून संच घेण्यापूर्वी त्या मालिकेचे मुळात किती भाग उरले आहेत, हे पाहून घ्यावे. डब्यावरचा ‘संपूर्ण’ हा शब्द उरलेल्या भागांपुरताच खरा असतो.

ऑस्ट्रेलियातही हेच घडले. १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘नंबर ९६’ या गाजलेल्या मालिकेचे सुरुवातीचे बहुतेक कृष्णधवल भाग पुसले गेले आहेत. चित्रपटांमध्ये ‘वेक इन फ्राइट’चे उदाहरण तर थरकाप उडवणारे आहे. १९७१ च्या या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह बेपत्ता होती आणि चित्रपटाचे संकलक अँथनी बकली यांनी स्वतः वर्षानुवर्षे तिचा माग काढला. अखेर ती अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये मिळाली, आणि मिळाली ती ‘नष्ट करण्यासाठी’ अशी खूण केलेल्या खोक्यांत! तिच्यावरून तयार केलेली सुधारित प्रत २००९ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, त्यामुळे आपण हा चित्रपट घेणार असाल तर त्यानंतरचीच आवृत्ती घ्यावी. ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’च्या बाबतीत मात्र नवे ते चांगले, असे समजू नये. दिग्दर्शक पीटर वीअर यांनी १९७५ चा हा चित्रपट पुढे स्वतःच कापून लहान केला. माझ्या मते मूळ लांबीतली संथ लयच अधिक परिणामकारक आहे. दोन्ही आवृत्त्या असलेला संच मिळाल्यास तोच घ्यावा.

आता प्लेअरविषयी. डीव्हीडीसाठी जगाचे क्रमांकवार विभाग पाडलेले आहेत; त्यांत ब्रिटनचा विभाग २, ऑस्ट्रेलियाचा ४ आणि भारताचा ५ आहे. विभागाचे कुलूप असलेला प्लेअर परक्या विभागाची डीव्हीडी नाकारतो. सर्व विभाग चालवणारा प्लेअर घेतला की प्रश्न मिटतो, कारण तिन्ही देशांची चित्रप्रणाली, म्हणजे टीव्हीवर चित्र दाखवण्याची पद्धत, ‘पाल’ (PAL) हीच आहे. या प्रणालीत सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या वेगाने धावतो, त्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो. तेव्हा वेळ कमी दिसली म्हणून लगेच काटछाटीचा संशय घेऊ नये.

जाता जाता, संग्रहात क्रिकेटवरची १९८४ ची ऑस्ट्रेलियन मालिका ‘बॉडीलाइन’ नसेल तर अवश्य मिळवा. तीत ह्यूगो वीव्हिंग यांनी साकारलेला इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन हा प्रत्यक्षात जन्माने मुंबईकर होता. मात्र मालिकेने इतिहासाशी बरीच मोकळीक घेतली आहे, हे ध्यानात ठेवून ती पाहावी.

प्रश्न : परदेशातून आणलेल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटींवर पांढरी बुरशी आली आहे. त्या एकदा लावून पाहू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुळीच नको. बुरशी लागलेली फीत व्हीसीआरचे हेड खराब करते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशीची लागण होते. अशा कॅसेटी बंद पिशवीत घालून इतरांपासून वेगळ्या ठेवाव्यात आणि फीत स्वच्छ करून डिजिटल प्रत काढून देणाऱ्या जाणकाराकडेच सोपवाव्यात. चांगल्या स्थितीतल्या कॅसेटी, आतली फीत एका बाजूला पूर्ण गुंडाळून, उभ्या, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्या पुड्या वरचेवर बदलाव्यात.